सेक्टर : व्युत्पत्ती, व्याप्ती आणि विपत्ती

अमरसिंहाच्या 'अमरकोशा'तील नानार्थवर्गात, म्हणजे एकाच शब्दाचे अनेक अर्थ नोंदवणाऱ्या प्रकरणात, 'हरि' या शब्दाच्या वाट्याला डझनाहून अधिक अर्थ आलेले आहेत, आणि यम, वारा, इंद्र, चंद्र, सूर्य, विष्णू, सिंह, किरण, घोडा, पोपट, साप, माकड व बेडूक ही सर्व मंडळी त्या दोन अक्षरांच्या घरात भाडेकरूंचे भांडण न होता नांदत असतात. संस्कृत पंडितांना या गोष्टीचा रास्त अभिमान वाटत आला आहे. मात्र यांपैकी एकाही पंडिताला चंडीगडात घर शोधावे लागलेले नसल्यामुळे, 'सेक्टर' या इंग्रजी शब्दाचा पराक्रम त्यांच्या नजरेतून सुटला. 'हरि' या शब्दाने वाचकाचा फार तर अर्थ चुकतो, 'सेक्टर' या शब्दाने माणूसच चुकतो. शिवाय हा शब्द चंडीगडात टाळता येत नाही, कारण अन्यत्र परक्या माणसाला आधी नाव, मग गाव आणि मग शक्य तितक्या आडवळणाने आडनाव विचारण्याची जी पद्धत आहे, ती येथे "केहडा सेक्टर?", म्हणजे "कोणता सेक्टर?", या एकाच प्रश्नात आटोपली जाते, आणि उत्तर ऐकल्यावर प्रश्नकर्त्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो त्यावरून पुढे चहा मिळणार की पाणी, हे ठरते.

या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतील 'कापणे' हा धातू असून सेक्टर म्हणजे कापणारा. प्राचीन रोममध्ये राज्याने जप्त केलेल्या मालमत्ता लिलावात घेऊन नफ्याने विकणाऱ्या व्यापाऱ्यालाही सेक्टर म्हणत असत, आणि चंडीगडच्या बाजारपेठांतील 'प्रॉपर्टी डीलर' या पाट्यांची दाटी पाहिली म्हणजे हा शब्द दोन हजार वर्षे भटकून अखेर आपल्या मूळ धंद्यात स्थिरावला, असे म्हणण्यास जागा राहते. दरम्यानच्या काळात तो भूमितीत गेला आणि वर्तुळाच्या दोन त्रिज्या व त्यांच्यामधील कंस यांनी वेढलेल्या तुकड्याचे नाव झाला. महाराष्ट्राच्या शालेय पाठ्यपुस्तकांनी या तुकड्याला 'वर्तुळपाकळी' असे इतके सुंदर नाव दिले आहे की दहावीच्या परीक्षेत त्या पाकळीचे क्षेत्रफळ काढताना घाम फुटलेल्या विद्यार्थ्यालाही नावाबद्दल तक्रार करता आलेली नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गॅलिलिओने याच नावाने ओळखले जाणारे, दोन पट्ट्या बिजागरीने जोडलेले एक गणनयंत्र सुधारून विकले. पुढे सैन्याने आघाडीच्या विभागाला, अर्थशास्त्रज्ञांनी उद्योगांच्या क्षेत्राला, विमान कंपन्यांनी प्रवासाच्या एका टप्प्याला, निवडणूक यंत्रणेने काही मतदान केंद्रांच्या गटाला आणि संगणकवाल्यांनी तबकडीवरील माहितीच्या लहानशा कप्प्याला हेच नाव दिले, आणि यांपैकी कोणीही दुसऱ्याची परवानगी घेतली नाही.

या सर्व अर्थांची गाठ एका बाकावर पडली तर काय होईल, याची कल्पना सुखना तलावाच्या काठी फिरायला येणाऱ्या निवृत्त मंडळींच्या कोणत्याही घोळक्यावरून करता येते, कारण त्यात एक बँकवाला, एक फौजी, एक संगणक दुरुस्त करणारा आणि एक प्रॉपर्टी डीलर हटकून असतोच.

"आपण कोणत्या सेक्टरमध्ये?" डीलर अदबीने विचारतो.

"पब्लिक सेक्टर," बँकवाला छाती काढून सांगतो.

"ते झालं, पण नंबर?"

"मी नौशेरा सेक्टरमध्ये तीन वर्षं होतो," फौजी मध्येच म्हणतो.

"तिथं कनालला काय भाव चालू आहे?" डीलर वही काढतो. कनाल म्हणजे वीस मरल्यांचे जमिनीचे माप असून पंजाबात माणसाची उंची सोडून बाकी सर्व मोठेपण याच मापाने मोजले जाते.

"बॅड सेक्टर असला की काही खरं नाही," संगणकवाला आपल्याच विचारात बोलतो. "जे आहे ते वेळेवर काढून घ्यायचं आणि नवीन घ्यायचं."

यावर डीलर त्याचा हात हातात घेतो आणि इतका समजूतदार माणूस आपण प्रथमच पाहिला, असे सांगतो.

चंडीगडात हा शब्द आला कसा, याचा इतिहासही विनोदाला पारखा नाही. फाळणीनंतर लाहोर पाकिस्तानात गेल्यामुळे पूर्व पंजाबला नवी राजधानी हवी होती, आणि तिचा पहिला आराखडा अल्बर्ट मेयर या अमेरिकी नियोजकाने पंख्याच्या आकाराचा, वळणदार रस्त्यांचा केला. त्यातील घटकांना तो 'सुपरब्लॉक' म्हणत असे. मेयरचा सहकारी मॅथ्यू नोविकी १९५० मध्ये विमान अपघातात गेल्यानंतर हे काम १९५१ मध्ये ल कॉर्बुझिए या फ्रेंच-स्विस वास्तुविशारदाकडे आले, आणि त्याने पिएर जानेरे, मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू यांच्या साथीने वळणे सरळ करून शहराची काटकोनी जाळी आखली. त्यातील प्रत्येक चौकोन सुमारे ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब असून, शाळा, दुकाने, दवाखाना व बाग या सर्व गोष्टी रहिवाशाला पायी चालत मिळाव्यात, असा त्यामागील हेतू होता, आणि या चौकोनाला सेक्टर हे नाव मिळाले. म्हणजे आराखडा पंख्यासारखा, वर्तुळपाकळीच्या जवळ जाणारा होता तोवर त्याच्या तुकड्याला कोणी सेक्टर म्हटले नाही. तो लख्ख आयताकृती झाल्यावर मात्र वर्तुळाच्या पाकळीचे नाव त्याला चिकटले. वर्तुळे होती ती सगळी चौकांत जाऊन 'गोल चक्कर' झाली, आणि नवख्या माणसाला ती त्या नावाचा शब्दशः अनुभव देऊ लागली. पायी चालत मिळणाऱ्या सोयींचे म्हणाल, तर दाराशी उभ्या दोन मोटारींमधून वाट काढून समोरच्या दुकानात दही आणायला तिसऱ्या मोटारीने जाणे, हा त्या योजनेचा स्थानिक अनुवाद होय.

राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ७ ऑक्टोबर १९५३ रोजी या शहराचे उद्घाटन झाले, तेव्हा सेक्टरांना नावांऐवजी आकडे देण्यामागे एक उदात्त तर्क होता, तो असा की मोहल्ल्यांना जातींची, धंद्यांची आणि सरदारांची नावे असली की भेद आपोआप पिकतात, आकड्याला मात्र ना जात असते ना गोत्र. हा तर्क निर्दोष होता. त्यात फक्त माणसांचा विचार करायचा राहून गेला.

प्रथम आकड्यांच्या मांडणीकडे पाहणे इष्ट ठरेल. उत्तरेकडील ओळीत क्रमांक पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात, पुढच्या ओळीत ते उलट फिरून पूर्वेकडून पश्चिमेकडे येतात, आणि नांगराला जुंपलेला बैल बांधापाशी वळतो त्या चालीने हा क्रम खाली उतरत जातो. या चालीत १२ नंतर एकदम १४ येतो. पाश्चात्त्यांच्या समजुतीत १३ हा अशुभ असल्यामुळे तो वगळला, असे सर्वत्र सांगितले जाते, आणि मराठी माणसालाही ते ऐकून आश्चर्य वाटत नाही, कारण तेरा म्हटले की त्याला तेराव्याचे जेवण आठवते. गंमत पुढेच आहे. दारातून हाकललेला हा तेरा खिडकीतून आत शिरला आहे, कारण २ ते २५ या पट्ट्यात वरखाली लागून असलेल्या कोणत्याही दोन सेक्टरांची बेरीज केली तर उत्तर तेराच्या पटीतच येते : ४ आणि ९ यांची तेरा, ९ आणि १७ यांची सव्वीस, १७ आणि २२ यांची एकोणचाळीस. बाजारहाट, बसगाड्या आणि माणसांची रेटारेटी यांसाठी गाजलेल्या १७ आणि २२ या सेक्टरांची बेरीज नेमकी तीन तेरा व्हावी, याला योगायोग म्हणायचे असेल तर तेथे रविवारी संध्याकाळी गाडी उभी करायला जागा शोधून पाहावी.

या वगळलेल्या क्रमांकाची भरपाई २०२० मध्ये झाली. चंडीगडच्या कडेला मनीमाजरा नावाचे जुने गाव आहे, जे अठराव्या शतकात एका शीख संस्थानाची राजधानी होते आणि जेथे शहराच्या जन्माआधी कित्येक पिढ्या लोक कसल्याही क्रमांकाशिवाय जन्मत, लग्न करीत आणि उधारी बुडवीत असत. प्रशासनाने त्याला सेक्टर १३ असे नाव दिले. इतर सेक्टर शेतजमिनीवर उभे राहिले, तर हा एकटा कागदावर उभा राहिला. ज्याने अनेक दशके पत्ता सांगताना 'मनीमाजरा' म्हटले त्याने आता 'तेरा' म्हणावे, अशी अपेक्षा होती, व्यवहारात मात्र रहिवासी 'सेक्टर तेरा' म्हणतो, रिक्षावाला "ते कुठे आलं?" असे विचारतो, रहिवासी 'मनीमाजरा' म्हणतो आणि प्रवास सुरू होतो.

महाराष्ट्रातून बदली होऊन येथे आलेल्या गृहस्थाची विपत्ती याहून गहन आहे, कारण त्याची गाठ आकड्यांच्या पंजाबी उच्चारांशी पडते. पंजाबीत सतराला 'सतारां' म्हणतात, बाविसाला 'बाई' म्हणतात आणि बत्तिसाला 'बत्ती' म्हणतात. या तीन शब्दांनी मराठी कानाचे जे हाल केले आहेत त्यांची नोंद कोणत्याही कोशात झालेली नाही. मूळचा कराडकडचा असा गृहस्थ बसथांब्यावर उभा असताना वाहक दारात लटकून "सतारां, सतारां!" असे ओरडत येतो, तेव्हा त्या गृहस्थाच्या डोळ्यांत पाणी उभे राहते, तो गर्दीतून वाट काढून आत चढतो, शेजारच्या प्रवाशाकडे गावाकडच्या पावसाची चौकशी करतो, आणि अर्ध्या तासाने कंदी पेढ्यांच्या देशाऐवजी सेक्टर १७ मधील कारंज्यापाशी उतरतो.

तेथून त्याला खरेदीसाठी शास्त्री मार्केटमध्ये जायचे असते, जे सेक्टर २२ मध्ये आहे.

"शास्त्री मार्केट," तो रिक्षावाल्याला सांगतो.

"बाई?" रिक्षावाला खात्री करून घेतो.

"नाही, एकटाच आहे."

"चलो, बाई जी, बैठो!"

येथे हे स्पष्ट केले पाहिजे की पंजाबच्या माळवा भागात 'बाई' हे थोरल्या भावासाठी आदराचे संबोधन आहे. परंतु ज्याने त्या दिवशी सकाळीच मिशांना पीळ दिलेला आहे, त्याला हे व्याकरण रस्त्यावर उभे असताना पटत नाही. त्याच्या पत्नीची अडचण निराळी असते, कारण भर बाजारात दहा रिक्षावाले एका सुरात "बाई, बाई!" म्हणून पुकारू लागले की इतक्या अगत्याने आपल्याला सासरीही कोणी हाक मारली नव्हती, असे तिला वाटते, आणि ती नको असताना बाविसात जाऊन पोहोचते.

बत्तीचे प्रकरण नाजूक आहे. सेक्टर ३२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय आहे, आणि चंडीगडात रुग्णालये नावाने ओळखली न जाता सोळा, बत्ती अशी आकड्यांनीच ओळखली जातात. शेजारचा मुलगा धावत येऊन "बाऊजी नूं बत्ती लै गए ने," म्हणजे वडिलांना बत्तिसात नेले, असे सांगतो, तेव्हा मराठी गृहस्थ दिलासा देण्याच्या सुरात "आमच्याकडेही सकाळपासून गेलीय, येईल थोड्या वेळात," असे म्हणतो. पुढे दोन्ही घरांत काही दिवस बोलणे होत नाही, आणि ते का होत नाही, हे मराठी घराला कधीच कळत नाही.

या गृहस्थाने पंजाबी आकडे पाठ केले म्हणजे तो सुटला, असे समजण्याचे कारण नाही, कारण सेक्टरांची लागण शेजारच्या गावांनाही झालेली आहे. १ नोव्हेंबर १९६६ पासून चंडीगड हा केंद्रशासित प्रदेश असून पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानी आहे, आणि त्याच्या एका अंगाला हरियाणाचे पंचकुला तर दुसऱ्या अंगाला पंजाबचे मोहाली वसले आहे. या तिघांना मिळून लोक 'ट्रायसिटी' म्हणतात. पंचकुल्याने आपले सेक्टर पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली, त्यामुळे आठ, दहा किंवा सतरा या क्रमांकाचे सेक्टर दोन्हीकडे आहेत. मोहालीने आधी 'फेज' म्हणजे टप्पे मोजले आणि मग त्यांवर सेक्टरांचे क्रमांकही चढवले, म्हणून तेथील फेज १० हाच सेक्टर ६४ आणि फेज ११ हाच सेक्टर ६५ आहे, आणि 'थ्री बी टू' अशा नावाचा एक फेजही आहे, ज्याचा पत्ता सांगणारा माणूस बीजगणित शिकवीत असल्याचा भास होतो. त्यातच चंडीगडचा सेक्टर आतून ए, बी, सी, डी अशा चार भागांत कापलेला असतो, जेणेकरून योग्य शहर आणि योग्य सेक्टर सापडल्यावरही चुकण्याची सोय शिल्लक राहावी.

सेक्टर आठमधील लग्नाचे निमंत्रण मिळालेला मराठी गृहस्थ अशा वेळी काय करतो, हे सांगण्यासारखे आहे. तो चंडीगडच्या सेक्टर आठमध्ये जातो, दिव्यांची रोषणाई दिसेल त्या मांडवात शिरतो, बँडवाल्यांपुढे नाचणाऱ्या नातलगांच्या आग्रहास्तव दोन हात उंच करतो, लोणी तरंगणारी डाळ दोनदा घेतो, आहेराचे पाकीट नवऱ्या मुलाच्या हाती देतो आणि जोडीबरोबर छायाचित्रही काढून घेतो. त्यानंतर वधूपिता हात जोडून विचारतो, "आपण मुलाकडचे की मुलीकडचे?"

"ऑफिसकडचा. वर्मासाहेबांच्या मुलाचं लग्न ना?"

"वर्मा? इथं तर कोणी वर्मा नाही."

"सेक्टर आठच ना हा?"

"कुठला आठ?"

तेव्हा खरा आठ पंचकुल्यात असल्याचे उघड होते. पंजाबी यजमान दिलदार असल्यामुळे पाहुण्याला गाजरहलवा खाल्ल्याशिवाय सोडले जात नाही. आहेराचे पाकीट परत मागावे की नाही, हा प्रश्न मात्र मराठी मनाला त्या हलव्याची चव लागू देत नाही, आणि पंचकुल्याला जाताना तो रिक्षाच्या भाड्यात त्या पाकिटातील रक्कम मिळवून एकूण बेरीज पुन्हा पुन्हा करीत राहतो.

आता आकड्याला जात नसते, या तर्काकडे वळले पाहिजे. वस्तुस्थिती अशी आहे की काही वर्षांतच प्रत्येक क्रमांकाला स्वतंत्र अर्थ फुटला. 'बारा' म्हणजे १९६२ मध्ये स्थापन झालेली पीजीआय ही प्रसिद्ध वैद्यकीय संस्था, 'त्रेचाळीस' म्हणजे जिल्हा न्यायालय, 'सव्वीस' म्हणजे धान्य व भाजीची मंडी, आणि 'पंचवीस' म्हणजे स्मशानभूमी. अडचण इतकीच की पंजाब विद्यापीठाची अभियांत्रिकी संस्थाही सेक्टर पंचविसातच आहे, त्यामुळे मुलाने गावाकडे फोन करून "माझं पंचविसात नक्की झालं," असे आनंदाने सांगितले तर आजीच्या घशाखाली घास उतरत नाही. उत्तरेकडील, डोंगर आणि तलाव यांच्या जवळच्या लहान क्रमांकांच्या सेक्टरांत मोठे भूखंड व मोठे अधिकारी, आणि दक्षिणेकडे क्रमांक वाढत जातील तसे लहान भूखंड व दाट वस्ती, अशी रचना असल्यामुळे क्रमांक जितका लहान तितका माणूस मोठा, हे व्यस्त प्रमाण शाळेत न शिकवता प्रत्येक मुलाला येते. लग्नाच्या बैठकीत मुलाचे शिक्षण, नोकरी आणि स्वभाव यांची चर्चा चालू असताना एखादी आत्या "पण सेक्टर कोणता?" असे विचारते, आणि "नऊ" असे उत्तर मिळाले की स्वभावाचा मुद्दा मागे घेतला जातो. बेचाळीस नंबरात राहणारा मनुष्य आपण अमुक चौकाजवळ राहतो असे सांगतो, आणि आठ नंबरात भाड्याने राहणारा मनुष्य घड्याळाची वेळ विचारली तरी उत्तरात आठ आणतो.

महाराष्ट्रानेही या शब्दाशी संसार करून पाहिला आहे. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईत वाशी, नेरूळ, खारघर अशा प्रत्येक उपनगरात सेक्टर पुन्हा एकपासून मोजले, त्यामुळे पंचकुल्याचा घोटाळा तेथे घाऊक प्रमाणात उपलब्ध आहे. खारघरच्या एखाद्या सेक्टरमधील बिऱ्हाडाने मागवलेली खिचडी नेरूळच्या त्याच क्रमांकाच्या सेक्टरमध्ये थंड होणे हा तेथील नित्यक्रम समजावा. पिंपरी-चिंचवडच्या नवनगर विकास प्राधिकरणाने मात्र, ज्याची स्थापना १९७२ ची, आपल्या मराठी कागदपत्रांत सेक्टरला 'पेठ क्रमांक' असा प्रतिशब्द वापरून सारा प्रश्न एका फटक्यात सोडवला. पेठ म्हटले की पुण्याकडच्या माणसाला पुढचे काहीही शिकवावे लागत नाही, कारण आपली पेठ सोडून अन्य पेठांत संस्कृती पोहोचलेली नाही, हे ज्ञान त्याला उपजतच असते. कॉर्बुझिएला चंडीगडकरांचे जे वागणे कदाचित कोड्यात टाकून गेले असते, ते सदाशिव पेठेतल्या कोणत्याही ओट्यावर त्याला पाच मिनिटांत समजावून सांगितले गेले असते, आणि निघताना त्याची चूकही दाखवून दिली गेली असती.

या विवेचनाच्या अखेरीस व्याकरणाचा एक प्रश्न उरतो, तो म्हणजे मराठीत 'सेक्टर' हा शब्द पुल्लिंगी मानावा की नपुंसकलिंगी. परभाषेतून आलेल्या शब्दाचे लिंग त्याच्या अंत्य ध्वनीवरून किंवा समानार्थी मराठी शब्दावरून ठरवावे, असे वैयाकरण सांगतात. विभागाकडे पाहिले तर तो पुल्लिंगी होतो, क्षेत्राकडे पाहिले तर नपुंसकलिंगी, आणि पेठेकडे पाहिले तर स्त्रीलिंगी होण्याचेही भय आहे. चंडीगडच्या मराठी मंडळींनी हा वाद शास्त्राविनाच मिटवला आहे, कारण त्यांच्या बोलण्यात ज्याने घर विकत घेतले आहे तो 'आमचा सेक्टर' म्हणतो, जो भाड्याने राहतो तो 'हे सेक्टर' म्हणतो, आणि ज्याला घरमालकाने गेल्याच आठवड्यात भाडेवाढीची चिठ्ठी दिली आहे तो जो शब्द वापरतो त्याला लिंग असले तरी तो कोशात घालता येत नाही.